उपदेशाविना समुपदेशन

‘समुपदेशन’ या मराठी शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ दडलेला आहे. त्यामुळे समुपदेशकाकडे जायचे म्हणजे कुणा जाणकाराकडून हिताच्या चार गोष्टी ऐकून यायचे, अशी सर्वसाधारण समजूत असते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगून झाले, मित्रांनी सांगून झाले, आता शुल्क घेऊन सांगणारा आणखी एक माणूस, एवढेच काय ते त्याचे वेगळेपण! गंमत अशी, की आधुनिक समुपदेशनाच्या जडणघडणीत ज्यांचा वाटा फार मोठा मानला जातो, त्या कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची सारी कारकीर्द उपदेशाचा हा सोस सोडण्यात गेली. दुःखी माणसाला काय करावे हे सांगायचे नाही, त्याच्या मनाचा अर्थ लावून त्याच्यासमोर ठेवायचा नाही आणि तरीही त्याला बरे होण्यास मदत करायची, हा त्यांचा मार्ग. वरवर तो सोपा, किंबहुना भाबडा वाटतो. प्रत्यक्षात तो विलक्षण अवघड आहे.

रॉजर्स यांचा जन्म ८ जानेवारी १९०२ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क येथे झाला. घर कर्मठ ख्रिस्ती वळणाचे. मद्य, नाच, पत्ते, नाटके यांना तेथे थारा नव्हता. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहावयास गेले. तेथे शास्त्रीय शेतीवरील जाडजूड ग्रंथ वाचण्याचा त्यांना छंद लागला आणि एखादी गोष्ट खरी की खोटी हे प्रयोग करून कसे ठरवायचे, याचे पहिले धडे त्यांनी त्या ग्रंथांतूनच घेतले. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी प्रथम शेतीशास्त्राला प्रवेश घेतला होता. पुढे इतिहास, मग धर्मोपदेशकाचे शिक्षण आणि अखेर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्र, असा त्यांचा प्रवास झाला. धर्मोपदेशक होता होता ते मनोपचारक झाले. पण शेतकऱ्याची दृष्टी काही त्यांनी सोडली नाही. रोपाला ओढून वाढवता येत नाही, माती, पाणी आणि ऊन यांची सोय मात्र करता येते, हे त्यांच्या विचारसरणीचे सार म्हणता येईल.

या विचाराचे बीज रॉचेस्टर येथे पडले. १९२८ पासून बारा वर्षे ते तेथील बालकल्याण संस्थेत काम करीत होते. एका अतिशय दांडगट मुलाच्या आईशी त्यांच्या भेटी चालू होत्या. आईने या मुलाला लहानपणी झिडकारले, हेच दुखण्याचे मूळ आहे, असे निदान रॉजर्स यांनी केले होते आणि ते तिला परोपरीने समजावून देण्याचा ते प्रयत्न करीत होते. आठवड्यांमागून आठवडे गेले. काही उपयोग होईना. शेवटी त्यांनी आपले अपयश मान्य केले आणि भेटी थांबवण्याचे दोघांनी ठरवले. हस्तांदोलन करून ती स्त्री दारापर्यंत गेली आणि वळून तिने विचारले, की येथे मोठ्या माणसांनाही सल्ला मिळतो काय? होकार मिळताच ती परत येऊन खुर्चीत बसली आणि आपल्या विस्कटलेल्या संसाराविषयी, नवऱ्याशी तुटत चाललेल्या नात्याविषयी बोलू लागली. आधी सांगितलेल्या नीटनेटक्या ‘केस हिस्टरी’शी या कहाणीचा काही मेळ नव्हता. खरा उपचार त्या क्षणी सुरू झाला आणि पुढे तो यशस्वीही ठरला. कुठे दुखते, कोणत्या दिशेने जायला हवे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. आपली हुशारी दाखवण्याची हौस नसेल तर उपचारकाने त्या माणसाच्या मागून चालावे, असा धडा रॉजर्स यांनी त्यातून घेतला.

११ डिसेंबर १९४० रोजी मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी या नव्या दृष्टीची मांडणी केली. पुढे ते स्वतः हीच तारीख आपल्या पद्धतीची जन्मतारीख मानीत. १९४२ साली त्यांचे ‘काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ हे पुस्तक आले. त्यात एका व्यक्तीच्या आठही भेटींतील संभाषण शब्दशः छापले होते. तोवर उपचारकाच्या बंद दाराआड काय घडते, हे बाहेरच्यांना केवळ उपचारकाच्या आठवणीतूनच कळत असे. रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केले. दर काही मिनिटांनी तबकडी बदलण्याची ती कटकट, पण तीतून मनोपचार प्रथमच तपासता येण्याजोगा झाला. याच सुमारास त्यांनी ‘पेशंट’ हा शब्दही टाकला आणि ‘क्लायंट’ म्हणावयास सुरुवात केली. मराठीत त्याला ‘अशील’ म्हणावे तर कोर्टाची पायरी आठवते आणि ‘रुग्ण’ म्हणावे तर ज्यासाठी रॉजर्स यांनी शब्द बदलला तो हेतूच बुडतो. ही अडचण नुसत्या शब्दाची नाही. आलेला माणूस आजारी आहे की अडलेला आहे, याविषयीच्या दोन भिन्न दृष्टी त्यामागे आहेत.

माणूस अडतो कशामुळे? रॉजर्स यांच्या मते त्याचे मूळ लहानपणीच्या अटींत असते. ‘असे वागलास तर तू माझा शहाणा बाळ’, ‘पहिला नंबर आला तर सायकल’ ही वाक्ये आपल्याकडे घरोघर ऐकू येतात. मुलाला प्रेम हवेच असते. ते अटींवर मिळते हे कळले, की त्या अटींत न बसणारे अनुभव ते स्वतःपासूनच लपवू लागते. राग येतो, पण ‘मला राग येतच नाही’ असे ते मानू लागते. खरा अनुभव एकीकडे आणि स्वतःविषयीची प्रतिमा दुसरीकडे, अशी फारकत वाढत जाते. मग पुढे पदवी, नोकरी, घर असे सगळे असूनही ‘हे माझे आयुष्य नव्हेच’ अशी रुखरुख लागून राहते. ती फारकत कमी होणे म्हणजे बरे होणे, आणि तेच वाढणेही. रॉजर्स यांनी या दोन गोष्टींत कधी भिंत घातली नाही.

१९५७ सालच्या एका गाजलेल्या निबंधात त्यांनी यासाठी आवश्यक अटी सांगितल्या. उपचारकाच्या बाजूच्या तीन विशेष प्रसिद्ध आहेत. त्याने मुखवटा न घालता, आतबाहेर एकच असावे. समोरच्याचा विनाअट स्वीकार करावा. आणि त्याचे जग त्याच्या नजरेतून पाहावे. तिसऱ्या गोष्टीसाठी मराठीत ‘सहानुभूती’ हा शब्द सर्रास वापरला जातो, तो फसवा आहे. सहानुभूतीत ‘अरेरे, बिचारा’ असा सूर असतो. रॉजर्स यांना अभिप्रेत आहे ती समानुभूती. दुसऱ्याचे दुःख जणू आपलेच, असे जाणायचे; पण त्यातले ‘जणू’ विसरायचे नाही. ते विसरले, की उपचारकही बुडतो.

प्रत्यक्षात हे कसे घडते, ते एका काल्पनिक प्रसंगावरून पाहता येईल. एक पंचेचाळिशीचा गृहस्थ सांगतो, ‘बाबांना जाऊन सहा महिने झाले, पण मला एकदाही रडू आलं नाही.’ मामा म्हणतील, ‘रडून का गेलेलं माणूस परत येतं? आता तूच घराचा आधार.’ एखादा पुस्तकी तज्ज्ञ म्हणेल, ‘तुम्ही दुःख दडपून टाकताय.’ रॉजर्स यांच्या वाटेने जाणारा उपचारक थोडे थांबून म्हणेल, ‘रडू येत नाही, आणि आता त्याचीच भीती वाटू लागली आहे, असं काहीसं?’ गृहस्थ विचार करतो. ‘भीती नाही,’ तो म्हणतो, ‘राग आहे. शेवटपर्यंत एकदाही मला बरं म्हणाले नाहीत.’ उपचारकाचा अंदाज येथे चुकला आहे. पण तो आग्रहाने मांडला नव्हता, म्हणूनच त्या गृहस्थाला तो दुरुस्त करता आला, आणि दुरुस्त करताना त्याला स्वतःचाच एक खोल दडलेला भाव सापडला. मामांचे बोलणे खोटे नव्हते, तज्ज्ञाचेही कदाचित बरोबर असेल. मात्र त्या दोन्ही उत्तरांनंतर बोलणे पुढे सरकत नाही.

‘समोरच्याचे वाक्य फिरवून परत म्हणणे’ अशी या पद्धतीची टवाळी झाली आणि तिला कारणही घडले. अनेक प्रशिक्षितांनी ते पोपटासारखे उचलले. रॉजर्स यांना याचा मनस्ताप होई. आपण भावनांचे प्रतिबिंब दाखवीत नाही, आपल्याला नीट समजले आहे की नाही हे पडताळून पाहतो, असा खुलासा त्यांनी १९८६ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी केला.

स्वीकाराची ही शिकवण देणारा माणूस स्वतः मात्र एकदा तिच्यात पुरता अडकला होता. १९४९ च्या सुमारास शिकागोत एका अत्यंत अस्वस्थ स्त्रीवर उपचार करताना ते स्वतःच कोसळण्याच्या बेतास आले. तिला दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवून ते पत्नीसह काही महिने दूर निघून गेले. परतल्यावरही आपण नालायक उपचारक आहोत, माणूस म्हणूनही आपली किंमत नाही, असे त्यांना वाटत राहिले. तेव्हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या एका सहकाऱ्याने त्यांच्यावर उपचार केले. लोकांना आपले काम आवडेल, पण आपण कुणाला आवडणार नाही, ही त्यांच्या मनातील जुनी गाठ तेव्हा सैल झाली. हे त्यांनी पुढे लपवले नाही, ही त्यांच्या थोरवीची एक खूण मानावी लागेल.

आपली पद्धत खरोखर उपयोगी पडते काय, हा प्रश्न त्यांनी श्रद्धेवर सोडला नाही. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोतील संशोधनात पंचवीस जणांना शंभर विधानांची कार्डे दिली होती. ‘मी जसा आहे’ आणि ‘मला जसे व्हायचे आहे’ अशा दोन प्रकारे ती लावावयाची. उपचारापूर्वी या दोहोंतील सहसंबंध जवळजवळ शून्य होता, उपचारानंतर तो ०.३४ झाला. विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगाने मात्र निराशा केली. उपचार लाभलेला गट एकंदरीत इतरांपेक्षा फारसा पुढे गेला नाही. ज्यांना उपचारकाची समानुभूती अधिक लाभली, त्यांच्यात थोडी बरी सुधारणा दिसली. तेथे एका अबोल तरुणासोबत रॉजर्स तासन् तास बसत. त्यांच्या भेटींतील एक मौन सतरा मिनिटांचे होते. गंभीर मनोविकारात औषधे सहसा आवश्यक ठरतात. या पद्धतीचे उत्साही समर्थक ते कधीकधी विसरतात.

नैराश्याबाबतचा ताजा पुरावाही असाच संमिश्र आहे. २०२१ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील शेफील्डच्या अभ्यासात ५१० जणांचा समावेश होता. रॉजर्स यांच्या परंपरेतील उपचार सहा महिन्यांनंतर बोधनिक वर्तनोपचाराच्या तोडीस तोड ठरले. वर्षानंतर मात्र ते काहीसे मागे पडल्याचे दिसले.

टीकाही कमी झाली नाही. चार्ल्स ट्रुआक्स या त्यांच्याच सहकाऱ्याने १९६६ साली त्यांच्या मुलाखती तपासल्या आणि विनाअट स्वीकार तितकासा विनाअट नाही, असे दाखवले. क्लायंटच्या विशिष्ट प्रकारच्या बोलण्यास रॉजर्स नकळत अधिक ऊबदार प्रतिसाद देत होते. १९६४ साली चित्रित झालेल्या एका शैक्षणिक चित्रपटात ग्लोरिया नावाच्या घटस्फोटित तरुणीने रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस या तिघांशी एकापाठोपाठ संवाद केला. आपल्या खासगी संबंधांविषयी मुलीशी खोटे बोलल्याचा सल तिला होता. खरे सांगावे की नाही, एवढेच तिला रॉजर्स यांच्याकडून हवे होते. त्यांनी अखेरपर्यंत उत्तर दिले नाही, पण तिचे उत्तर तीच शोधत असताना तिच्या सोबत राहिले. चित्रीकरण संपल्यावर आपल्याला पर्ल्स यांची पद्धत अधिक उपयोगी पडेल, असे ती म्हणाली. पत्रव्यवहार मात्र पुढे बरीच वर्षे तिने रॉजर्स यांच्याशी ठेवला.

आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी उचलण्यात एक पेच आहे. जेथे लग्न, नोकरी आणि घर यांचे निर्णय चार माणसांच्या बैठकीत होतात, तेथे ‘तुमचे उत्तर तुमच्यातच आहे’ हे वाक्य दिलासा देण्याऐवजी पोरके करू शकते. पहिल्याच भेटीत ‘मग मी करू काय, ते सांगा ना’ असे विचारणाऱ्याला उपचारकाचे मौन निष्काळजीपणाचे वाटू शकते. अशा वेळी ती अपेक्षा हीच बोलण्याची पहिली गोष्ट समजून तिच्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

दरम्यान, १९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणक कार्यक्रम लिहिला. टंकित केलेले वाक्य प्रश्नरूपाने परत करून तो रॉजर्सपंथी उपचारकाचे सोंग आणीत असे. आत काहीही समज नसताना लोक त्याच्याशी मनातले बोलू लागले. वायझनबाउम यांच्या सचिवबाईंनी तर त्यांनाच खोलीबाहेर जावयास सांगितले! ते त्यामुळे इतके अस्वस्थ झाले, की पुढे संगणकाच्या अशा वापराविरुद्ध त्यांनी १९७६ साली पुस्तकच लिहिले. आज मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे अनेक जण मध्यरात्री मन मोकळे करतात. तिची उत्तरे एलायझापेक्षा कितीतरी सफाईदार असतात आणि ऐकून घेतल्याचे समाधानही मिळत असेल. पण रॉजर्स यांच्या अटींत पहिली होती ती समोरच्याच्या खरेपणाची. ज्याला चुकीचा अंदाज करताना संकोच वाटतो, जो स्वतःही एकदा कोसळलेला असू शकतो, अशा माणसाने आपल्याला आहे तसे स्वीकारणे, यावर ती सारी मांडणी उभी होती.