बायपास किती वर्षे टिकतो?

भारतातील पहिली यशस्वी बायपास शस्त्रक्रिया १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी चेन्नईतील पेरांबूरच्या रेल्वे इस्पितळात केली. तेव्हा रोगी वाचेल का, हीच काळजी होती. आता घरची माणसे विचारतात, "डॉक्टर, हे किती वर्षं चालेल?"

ते बऱ्याच अंशी नवी वाट कशाची केली यावर ठरते. पायातील लांब नीला काढायला सोपी आणि हवी तेवढी मिळते. पण तिला कमी दाबाच्या रक्ताची सवय. हृदयावर जोडली की धमनीतला जोर तिला सोसावा लागतो, भिंत जाड होते, पुढे चरबी साचते. दहा वर्षांत साधारण निम्म्या नीला बंद पडतात किंवा अरुंद होतात.

छातीच्या मधल्या हाडालगत आतून उतरणाऱ्या धमनीचे तसे नाही. तिचे वरचे टोक जागेवरच ठेवून खालचे हृदयाकडे वळवतात. दहा वर्षांनंतरही शंभरातल्या सुमारे नव्वद जणांत ती वाहती असते. ही धमनी वापरलेले रोगी अधिक जगतात, हे अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने १९८६ मध्येच दाखवले.

मग सगळ्याच वाटा धमन्यांच्या का नकोत? छातीतील एक की दोन्ही धमन्या, याची तुलना करणाऱ्या मोठ्या पाहणीत दहा वर्षांनी मृत्यूंच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही (२०१९). शिवाय दोन्ही काढल्या, तर मधुमेह्यांत छातीचे हाड नीट न जुळण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे मधुमेही किती, हे सांगायला नको! मनगटाकडे जाणारी धमनी मात्र पाच वर्षांच्या पाहणीत नीलेपेक्षा सरस ठरली (२०१८). हाताला दुसऱ्या धमनीतून पुरेसे रक्त मिळते ना, हे आधी तपासावे लागते.

दुसऱ्यांदा छाती उघडणे अवघड, पण अशक्य नव्हे. माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांचा पहिला बायपास १९९० चा. दुसरा मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत केला. त्यानंतर ते जवळजवळ सोळा वर्षे जगले.

बायपासने मूळ रोग जात नाही. तंबाखू सुटली नाही, गोळ्या मध्येच थांबवल्या, तर नवी वाटही तुंबते. इस्पितळातून निघताना मिळणारा कागद जपून ठेवा. कोणती रक्तवाहिनी कुठे जोडली, हे त्यात लिहिलेले असते, आणि पुन्हा अँजिओग्राफीची वेळ आली तर डॉक्टर आधी तोच मागतात.