बीबी ते कॅथलॅब: हृदयाच्या तुंबलेल्या नळ्यांवरचे उपचार

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या अस्तरात चरबी आणि कॅल्शियमचा थर वर्षानुवर्षे साचत जातो. नळी साधारण 70 टक्के अरुंद झाली की चढ चढताना किंवा डोक्यावर ओझे असताना छाती भरून येते, बसले की बरे वाटते. हा झाला संथ आजार. हार्ट अटॅक निराळा. त्यात साचलेला थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि बघता बघता नळी बंद होते. आदल्या दिवशीपर्यंत निम्माही अडथळा नसलेल्या नळीतसुद्धा हे घडू शकते. उपचार ठरतो तो आधी या फरकावरून, आणि खेड्यात त्याच्या जोडीला अंतरावरून.

बुलढाणा जिल्ह्यातले बीबी लोणार तालुक्यात आहे. तिथून सिंदखेडराजा-जालना मार्गे छत्रपती संभाजीनगरची कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करण्याची खोली, गाठायची तर गाडी मिळवण्यापासून धरून दोन-अडीच तास सहज जातात. अटॅकमध्ये पूर्ण बंद झालेली नळी अँजिओप्लास्टीने, म्हणजे आतून फुगा फुगवून, उघडणे सर्वांत चांगले, पण निदानापासून 120 मिनिटांत ते होणार असेल तरच. नाहीतर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या, सोय असलेल्या रुग्णालयातच देऊन मग रुग्णाला पुढे हलवायचे, असा नियम आहे. यातले स्ट्रेप्टोकायनेज सलाईनमधून तासाभरात जाते. टेनेक्टेप्लेज वजनानुसार एकदाच शिरेत देतात. दुखणे सुरू झाल्यापासून बारा तासांपर्यंत या इंजेक्शनचा उपयोग होतो, खरा गुण पहिल्या तीन तासांत. नुकताच पक्षाघात झालेल्या किंवा कुठे रक्तस्राव चालू असलेल्या रुग्णाला मात्र ते चालत नाही. तास-दीड तासाने पुन्हा ईसीजी काढतात. उंचावलेली रेघ निम्म्याने खाली आली नसेल तर नळी उघडली नाही असे समजून तातडीने अँजिओप्लास्टी करावी लागते. उघडली असली तरी चोवीस तासांच्या आत अँजिओग्राफी, म्हणजे नळ्यांची क्ष-किरण तपासणी, करून घेतात. सगळा घोटाळा होतो तो त्याआधी: ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन रात्र काढली जाते. 108 च्या रुग्णवाहिकेला फोन करून लगेच ईसीजी काढणे हाच पहिला उपचार.

संथ आजारात एवढी घाई नसते. अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, नाडीचा वेग कमी करणाऱ्या गोळ्या, रक्तदाब-साखर ताब्यात ठेवणे आणि तंबाखू पूर्ण बंद, हा इथला मुख्य उपचार. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत पाच हजारांवर रुग्ण होते. औषधांवर भागवलेल्यांच्या तुलनेत सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांतले मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतले दुखणे मात्र कमी झाले. डाव्या मुख्य धमनीतला अडथळा याला अपवाद. दुधीच्या रसाने ब्लॉकेज विरघळते याला पुरावा नाही, आणि कडू दुधीचा रस तर विषारी असतो.

अँजिओप्लास्टी पहिल्यांदा केली आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी, 1977 मध्ये झुरिचला. आज मनगटाच्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, फुगा फुगवून वाट मोकळी करतात आणि तीनेक मिलिमीटर रुंदीची धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, लोकांच्या बोलीतली ‘स्प्रिंग’, तिथे बसवतात. रुग्ण जागाच असतो. 2017 मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली. त्याआधी लाखावर बिल होत असे. पुढे ही मर्यादा बदलत गेली.

बायपासला आजचे रूप दिले रेने फावालोरो यांनी, 1967 मध्ये क्लीव्हलँडला. त्याआधी बारा वर्षे ते अर्जेंटिनातल्या एका आडगावात साधी डॉक्टरकी करत होते. अडथळ्याला वळसा घालून छातीतली धमनी किंवा पायातली शीर जोडतात. छातीतली धमनी दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ जणांत चालू असते. पायातल्या शिरा तोवर निम्म्याच्या आसपास बंद पडतात. मधुमेह असून तिन्ही नळ्या तुंबलेल्या असतील तर स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत दोन्ही उपचार बसतात, मात्र रुग्णालय योजनेत असले पाहिजे. भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवावे. अटॅकनंतर स्टेंट बसवला की रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात. बरे वाटते म्हणून किंवा दात काढायचा म्हणून त्या परस्पर बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी धरून दुसरा अटॅक येऊ शकतो.