नेटवर्क प्लस झालं, आता पुढचं सर्टिफिकेट कुठलं?

लोकलमध्ये असाल, पीएमपीच्या रांगेत असाल, हेडफोन नीट लावा, कारण आज थोडा हिशोब करायचाय.

गेल्या आठवड्यात एक व्हॉइस मेसेज आला. सांगलीकडचा मुलगा, डिप्लोमा झालाय, चाकणच्या एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्ट करतो. म्हणजे प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरला, ही सगळी कामं. पगारातून पैसे साठवून त्याने कॉम्पटियाचं नेटवर्क प्लस पास केलं. आता त्याला खऱ्या नेटवर्कच्या कामात शिरायचंय. तो म्हणतो, "दादा, एक जण सांगतो सीसीएनए कर, दुसरा सांगतो सिक्युरिटी प्लस कर, आणि क्लासवाले म्हणतात सगळं मिळून पॅकेज घे, पंच्याऐंशी हजार. बाबा पतसंस्थेतून कर्ज काढायला तयार आहेत."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि ठरवलं, यावर अख्खा भाग करायचा.

आधी माझी चूक सांगतो. आज मी नेटवर्क ऑटोमेशनचा कोड लिहितो, पण बीटेक झाल्यावर मलाही नेटवर्कमध्येच पहिली नोकरी हवी होती. एक सर्टिफिकेट केलं. केलं म्हणजे काय, डम्प पाठ केले. फी बाबांनी भरली होती. मार्क चांगले पडले, घरी पेढे वाटले. मग पहिल्या इंटरव्ह्यूत समोरच्या सरांनी कागद पुढे सरकवला आणि विचारलं, "१९२.१६८.१०.७०/२७, हा पत्ता कुठल्या नेटवर्कमध्ये येतो?" मी कागदाकडे बघत बसलो. दहा मिनिटांत बाहेर. घरी सांगितलं, जागा भरल्या गेल्या.

उत्तर एवढंच होतं. /२७ म्हणजे ३२ ३२ पत्त्यांचे गट. ०, ३२, ६४, ९६. सत्तर हा ६४ च्या गटात. म्हणजे नेटवर्क .६४, ब्रॉडकास्ट .९५, आणि मधले .६५ ते .९४ असे ३० पत्ते वापरायला मोकळे. समजलं असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम. डम्पमध्ये उत्तर असतं, ही रीत नसते. शिवाय डम्प वापरणं परीक्षेच्या करारात बसत नाही, पकडले गेलात तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं.

आता मूळ प्रश्न. पुढचं सर्टिफिकेट निवडताना "सगळ्यात भारी कुठलं" हा प्रश्नच विचारू नका. "मला पुढची कुठली खुर्ची हवीय" हे विचारा. या मुलाला हवीय नॉकमधली किंवा ज्युनियर नेटवर्क इंजिनियरची खुर्ची. मग सोपं काम करा. पुणे, मुंबई, बंगळुरू इथल्या अशा वीस जाहिराती उघडा आणि वहीत रेघा मारा, कुठलं नाव किती वेळा आलं. मी त्याच्यासाठी मारल्या. सगळ्यात जास्त रेघा सीसीएनएच्या नावापुढे पडल्या.

मग यूट्यूबवर सगळे ए प्लस, नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लस असा क्रम का सांगतात? कारण बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले आहेत. तिथे संरक्षण खात्याच्या अनेक कामांसाठी मान्य सर्टिफिकेटांची यादी असते आणि सिक्युरिटी प्लस तिच्यात आहे. त्यामुळे तिकडे त्याचं वजन मोठं. सल्ला चुकीचा नाही, पण तो तिथल्या बाजाराचा आहे. चाकणच्या मुलाने तो जसाच्या तसा उचलायचं कारण नाही.

सीसीएनएत नवीन काय मिळतं? परीक्षेचा कोड २००-३०१, वेळ १२० मिनिटं. अभ्यासक्रमाची विभागणी बघा. नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सर्व्हिसेस १०, सिक्युरिटी १५, ऑटोमेशन १०. मूलतत्त्वांचा बराच भाग नेटवर्क प्लसमध्ये होऊन गेलाय. फरक हा, की नेटवर्क प्लस कुठल्याही एका कंपनीला धरून नाही, तिथे व्हीलॅन म्हणजे काय हे कळतं. सीसीएनएत तोच व्हीलॅन स्विचवर कमांड टाकून बनवावा लागतो, ट्रंक लावावा लागतो, ओएसपीएफ चालू करावा लागतो, आणि चालला नाही तर का नाही ते शोधावं लागतं. रात्री दोनला लिंक पडली की नॉकमध्ये हेच करायचं असतं.

आणि एक बारकावा. या परीक्षेत पुढचा प्रश्न घेतला की मागे जाता येत नाही. "नंतर बघू" चालत नाही.

आता पैसे. सीसीएनएची फी ३०० डॉलर. डॉलरचा भाव आणि कर धरला तर तीस हजारांच्या आसपास. नापास झालात तर पुन्हा पूर्ण फी. पण सरावाला खर्च नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. म्हणून माझा नियम असा. परीक्षेची तारीख घ्यायच्या आधी कोरी फाइल उघडायची. तीन स्विच, दोन राउटर. व्हीलॅन, ओएसपीएफ, नॅट, एसीएल, सगळं नोट्स न बघता उभं करायचं. मग मित्राला सांगायचं, यातलं एक काहीतरी बिघडव. ते तुम्हाला शोधता आलं तर फी भरा. नाही आलं तर अजून महिनाभर थांबा, पैसे कुठे पळून जात नाहीत.

मग सिक्युरिटी प्लस कायमचं सोडायचं का? नाही. नेटवर्क प्लस तीन वर्षं चालतं. ती मुदत संपायच्या आत सिक्युरिटी प्लस पास झालात तर नेटवर्क प्लसचंही नूतनीकरण होतं. म्हणजे नोकरी लागल्यावर, स्वतःच्या पगारातून, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते केलं तर एका दगडात दोन पक्षी. क्लाउडचंही तसंच. एडब्ल्यूएसमध्ये व्हीपीसी उघडलात की तिथेही सबनेट आणि राउट टेबलच दिसतात. पाया पक्का असला की ते जड जात नाही.

सीसीएनए केलं म्हणजे नोकरी पक्की, असं मी म्हणणार नाही. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणणाऱ्याला विचारा, हे लेखी देता का? सर्टिफिकेटने तुमचा बायोडेटा वाचला जातो. पुढचं त्या कागदावर ठरतं, जो सर तुमच्यापुढे सरकवतात. आणि या मुलाकडे एक गोष्ट आधीच आहे. तो रोज कंपनीत आहे. तिथल्या नेटवर्कवाल्यांना म्हणायचं, "सर, रॅकचं काम असेल तेव्हा मला बोलवा, केबल मी धरतो." ते बायोडेटात लिहिता येतं.

हे सगळं मी त्याला आधीच कळवलं होतं. परवा त्याचा मेसेज आला. पॅकेज घेतलं नाही, बाबांना थांबवलं. आणि खाली एक प्रश्न, "दादा, /२७ च्या ऐवजी /२८ असता तर सत्तर कुठल्या गटात गेला असता?"

त्याने उत्तरही काढलं होतं, बरोबर होतं. तुम्ही काढा आणि मला पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!