लघुकथा : क्रूर रूढी व अविश्वसनीय निवेदन

समाजाने परंपरेच्या नावाने चालविलेले क्रौर्य आणि कथा सांगणाऱ्याच्या शब्दावर कितपत विसंबावे हा प्रश्न, ह्या दोन गोष्टी लघुकथेत अनेकदा एकत्र येतात. रूढी ज्याला दडपते त्याला खरे बोलणे परवडत नाही; जो ती चालवितो त्याला आपले क्रौर्य दिसत नाही. त्यामुळे दोन्हीकडून येणारी हकिकत पारखून घ्यावी लागते. ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ ह्यांनी १९६१ मध्ये रूढ केली. तंत्र मात्र त्याहून पुष्कळ जुने आहे.

जपानी कथाकार र्यूनोसुके आकुतागावा (१८९२–१९२७) ह्यांच्या ‘वेळूच्या बनात’ ह्या आशयाच्या शीर्षकाच्या कथेत (१९२२) एका खुनासंबंधी सात जबान्या एकापुढे एक मांडल्या आहेत. दरोडेखोर, मृताची पत्नी आणि माध्यमाच्या तोंडून बोलणारा स्वतः मृत, हे तिघेही मृत्यूचे कर्तृत्व आपल्याकडे घेतात. येथे शिक्षेच्या भयापेक्षा अब्रूची कल्पना प्रबळ आहे, आणि तीच सत्याला वाकविते. आकिरा कुरोसावा ह्यांच्या राशोमोन (१९५०) ह्या चित्रपटाचे कथानक ह्याच कथेवर आधारलेले आहे. शर्ली जॅक्सन (१९१६–६५) ह्यांच्या ‘द लॉटरी’ (१९४८) ह्या कथेची रीत वेगळी. तीत निवेदक काही खोटे सांगत नाही. गावातील सोडतीचे वर्णन तो जत्रेच्या तयारीचे करावे तसे करतो आणि सोडत दगडांनी मारावयाच्या व्यक्तीची आहे, हे अखेरीस उघड होते. अशी सोडत कोठे निघते, अशी विचारणा काही वाचकांनी पत्रे लिहून केली होती!

मराठीत ह्या प्रकारच्या लेखनाची पूर्वतयारी कादंबरीने केली. ह. ना. आपटे (१८६४–१९१९) ह्यांच्या पण लक्षात कोण घेतो? मध्ये विधवेच्या केशवपनाची हकिकत यमुना स्वतः सांगते. जी. ए. कुलकर्णी (१९२३–८७) ह्यांच्या कथांतील क्रौर्य बहुधा नियतीचे असल्याने त्यांचा येथे केवळ उल्लेख पुरे.

ह्या विषयाचे सर्वांत लक्षणीय मराठी उदाहरण म्हणजे बाबूराव बागूल (१९३०–२००८) ह्यांच्या पहिल्या संग्रहातील (१९६३) शीर्षककथा ‘जेव्हा मी जात चोरली होती’. रेल्वेत नोकरीसाठी गुजरातेत आलेला निवेदक जात विचारणाऱ्यांवरच संतापतो. त्याच्या त्या ताठ्यावरून सहकारी त्याला उच्चवर्णीय समजतात आणि तो त्यांचा गैरसमज दूर करीत नाही. त्यांच्या दृष्टीने हीच चोरी. वाचकाशी मात्र तो प्रामाणिक आहे. म्हणजे एकच निवेदक एका श्रोतृवर्गाला अविश्वसनीय आणि दुसऱ्याला विश्वसनीय ठरतो, आणि दोहोंमधील भिंत रूढीने घातलेली असते. जात न लपविणारा काशीनाथ जागोजागी अपमान सोसतो व प्रतिकारही करतो. बिंग फुटल्यावर निवेदकाला मारहाणीतून सोडवितो तोच. शीर्षकातील ‘चोरली’ हे क्रियापद मारणाऱ्यांच्या भाषेतील आहे. ते निवेदकाने स्वतःच्या तोंडी घ्यावे, ह्यातील उपरोध बूथ ह्यांच्या व्याख्येत सहजी बसत नाही. बागुलांनाही सुरत येथे रेल्वेत असताना राहण्याच्या जागेसाठी जात लपवावी लागली होती. तरीही ही कथा आत्मवृत्त म्हणून वाचणे युक्त नव्हे.

शंकरराव खरात (१९२१–२००१) ह्यांच्या सांगावा (१९६२) ह्या संग्रहाचे शीर्षक गावकीच्या कामांची आठवण करून देते. मृत्यूची वार्ता परगावी पायी पोहोचविणे हे महारांकडील असेच एक काम. महार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.  अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) ह्यांच्या ‘बरबाद्या कंजारी’ ह्या कथेत रूढीचे रूप जातपंचायतीचे आहे. चारुता सागर ह्यांची ‘दर्शन’ ही कथा यल्लमाच्या नावाने सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींच्या जगातील असून, राजन गवस ह्यांच्या चौंडकं व भंडारभोग ह्या कादंबऱ्यांबरोबर तिचाही आधार जोगवा (२००९) ह्या चित्रपटाने घेतला.