मोतीबिंदू म्हणजे ऊस नव्हे, पिकायची वाट पाहू नका



उसाची पक्वता पाहूनच तोड घ्यावी, कोवळ्या उसाला उतारा पडत नाही, हे या पानांतून आम्ही वरचेवर सांगत आलो. पण हाच हिशेब आपली माणसे डोळ्यालाही लावू लागली आहेत, म्हणून आज खते-बियाण्यांचा विषय बाजूला ठेवला आहे. "मोतीबिंदू हाय, पर अजून पिकला न्हाई. कारखान्याचा पट्टा पडला की बघू." हे बोलणे वजनकाट्यावर, गट ऑफिसात, पारावर आम्ही किती वेळा ऐकले असेल!

आमच्या एका ज्येष्ठ सभासदांची हकीकत सांगतो. नाव देत नाही, आप्पा म्हणू. त्यांचा थोरला मुलगा नोकरीनिमित्त ठाण्याला, घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहतो. आप्पा तिकडे गेले असता संध्याकाळी नातीला घेऊन रस्ता ओलांडायला उभे राहिले. न्हावाशेवा बंदराकडून गुजरातेकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने धावतात. समोरून येणारा प्रत्येक दिवा आप्पांना परातीएवढा पसरलेला दिसू लागला. कोणती गाडी जवळ, कोणती लांब, काही उमगेना. नात आठ वर्षांची. शेवटी तिनेच हात धरून आजोबांना पलीकडे नेले.

घरी सूनबाईंनी विचारले, तर उत्तर आले, "दोन्ही डोळ्यांत मोत्या हाय. दोन वर्सं झाली. पिकला की काढू." सूनबाईंनी ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांकडे नेले. तपासणीत निघाले ते असे: उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, पण डाव्या डोळ्याची नजर काचबिंदूने नेली होती. उजव्याची शस्त्रक्रिया झाली. आप्पा आता काट्याची पावती स्वतः वाचतात. डाव्या डोळ्यापुढचा अंधार मात्र कायमचा राहिला. "दोन हंगाम मी कशापायी थांबलो?" असे त्यांनी आम्हांला विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सारखी, पण फरक जमीन-अस्मानाचा. डोळ्यात बुबुळाच्या मागे एक स्वच्छ भिंग असते. वयोमानाने ते गढूळ होते, तोच मोतीबिंदू. भिंग बदलले की नजर परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी शीर, बहुधा डोळ्यातील दाब वाढल्याने, निकामी होत जाते. तो बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने नजर खात येतो. गेलेली नजर परत मिळत नाही. वेळीच औषध सुरू केले तर उरलेली राखता येते, एवढेच. म्हणजे मोतीबिंदू एखादे वेळी थांबेलही, पण डोळ्यात आहे तो मोतीबिंदूच, हे घरबसल्या ठरवायचे कोणी?

"पिकू द्या" ही समजूत उगाच आलेली नाही. पूर्वी गढूळ भिंग अख्खेच काढून टाकीत. रोग्याला अंथरुणावर हलू देत नसत, आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा जन्माचा मागे लागे. त्यामुळे नजर पुरती जाईपर्यंत डॉक्टरच थांबायला सांगत. महायुद्धात विमानाच्या प्लास्टिकच्या काचेचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले, तरी ते डोळ्याला बाधले नाहीत. हे पाहून लंडनच्या डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग डोळ्यात बसवले. आज दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग फोडून ओढून घेतात आणि घडीचे भिंग आत बसवतात. बहुधा टाकाही लागत नाही, आणि रोगी त्याच दिवशी घरी जातो.

म्हणून आताचा नियम साधा आहे. रोजच्या कामाला नजर अडू लागली की शस्त्रक्रियेचा विचार करावा. ऊस वेळेवर पक्व झाला तर साखर वाढते. मोतीबिंदू जास्त पिकला तर भिंग कठीण होते, शस्त्रक्रिया अवघड जाते, कधी डोळ्याचा दाब वाढून डोळाच धोक्यात येतो. थेंब टाकून मोतीबिंदू विरघळतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

पैशापायी तर मुळीच थांबू नका. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. लातूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि आनंदवनासारख्या ठिकाणच्या शिबिरांत लाखावर मोतीबिंदू काढले. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांपैकी सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळेच अंध असल्याचे आढळले. सोय असून ही स्थिती आहे.

आता घरी करायचे ते सांगतो. महिन्यातून एकदा तळहाताने एक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर पाहा, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असले की अधू डोळ्याची उणीव चांगला डोळा झाकून घेतो, आणि पत्ता लागत नाही. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब तपासून घ्या. मधुमेह असेल तर दरवर्षी पडद्याची तपासणी हवीच. विडी-सिगारेट सोडा, तिने मोतीबिंदू लवकर येतो. ऊसतोडीत, पाचट काढताना साधा चष्मा लावा. उसाचे पाते बुबुळाला लागून जखम झाली तर मध, दूध, दुकानातून मागून आणलेले थेंब, काही घालू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बुबुळावर पडलेले फूल मोतीबिंदूसारखे सहज निघत नाही.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, डोळा चोळू नका, ओझे उचलू नका, शेतातल्या धुळीत जाऊ नका. थेंब मधेच बंद करू नका. डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर घटली तर रात्र काढू नका, लगेच रुग्णालयात जा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर मोतीबिंदू परत आला असे समजू नका. भिंगामागची पातळ त्वचा गढूळ झालेली असते. ती लेसरने थोड्या वेळात मोकळी होते.

गळीत हंगाम दरसाल येतो. तोडीची पाळी चुकली तर मागची टोळी मिळते. डोळ्याची पाळी चुकली तर मागून काही मिळत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना, आणि विशेषतः "मला काय धाड भरलीय" म्हणून चुलीपुढे बसून राहणाऱ्या आईला, याच आठवड्यात तपासणीला न्यावे, ही आमची सर्वांना आग्रहाची विनंती.