सुया, विद्युत् आणि मुखकांति

विवाहयोग्य मुलामुलींच्या घरांत अलीकडे एक नवीच चर्चा ऐकूं येते. मुरुमांचे खळगे चेहऱ्यावर राहिले असतां ‘रेडिओफ्रिक्वेन्सी मायक्रोनीडलिंग’ नांवाचा उपचार करावा कीं करूं नये, हा तो प्रश्न होय. तरुण मंडळी उत्सुक असतात, वडील मंडळी साशंक असतात, आणि माहिती दोन्ही पक्षांना बेताचीच असते. म्हणून या विषयाचें थोडें विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम उपचाराचें स्वरूप पाहूं. यंत्राच्या टोकाशीं अत्यंत बारीक सुयांचा पुंजका असतो. चेहऱ्यावर या सुया सामान्यतः अर्ध्या मिलिमीटरपासून साडेतीन मिलिमीटरपर्यंत खोल जातात व त्यांतून उच्चकंप विद्युत्प्रवाह सोडला जातो. त्यायोगें आंतरत्वचेंतील सूक्ष्म बिंदु ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. ही इजा भरून काढतांना शरीर कोलॅजन नांवाचे नवे तंतु विणतें आणि खळगे कांहींसे उथळ होतात. अशी विद्युत् वैद्यकांत नवी नव्हे. १९२६ सालीं बोस्टन येथें हार्वे कुशिंग यांनीं विल्यम बोवी यांच्या यंत्राच्या साह्यानें मेंदूची शस्त्रक्रिया केली होती.

हेतुपुरस्सर दाह करून व्याधि बरी करण्याची कल्पना तर आपल्याकडे फारच जुनी आहे. सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायांत अग्निकर्म सांगितलें असून, दाहाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार प्रकार केले आहेत. पैकीं सम्यग्दग्ध तेवढें इष्ट. हें नवें यंत्र सुश्रुतास ठाऊक होतें असें म्हणण्याचा पोरकटपणा आम्ही करीत नाहीं. परंतु सम्यक् आणि अति यांमधील अंतर ओळखण्याचा त्याचा विवेक येथेंही तंतोतंत लागू पडतो.

सावळ्या वर्णास हा उपचार मानवतो काय? लेसरचा प्रकाश त्वचेंतील रंगद्रव्य शोषून घेतें, त्यामुळें गडद वर्णास भाजण्याची व डाग पडण्याची भीति अधिक. विद्युत्प्रवाहाची उष्णता वर्णावर नव्हे, तर ऊतींच्या विरोधावर अवलंबून असते. या दृष्टीनें आपल्या लोकांस हा उपचार त्यांतल्या त्यांत सोयीचा म्हणतां येईल. मात्र धोका कमी म्हणजे धोका नाहीं, असें नव्हे. दाहानंतर काळसर डाग पडून ते महिनोन्महिने राहूं शकतात.

याहून गंभीर गोष्टही सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें ऑक्टोबर २०२५ मध्यें याविषयीं जाहीर इशारा दिला. भाजणें, व्रण राहणें, त्वचेखालील मेद नष्ट होणें, चेहरा विद्रूप होणें आणि मज्जातंतूंस इजा होणें, अशा तक्रारी त्या प्रशासनाकडे आल्या होत्या; कित्येकांना पुढें शस्त्रक्रियेचीही गरज पडली. हा वैद्यकीय उपचार आहे, तो घरीं करूं नये, असें त्यानें बजावलें आहे. सुई गरजेपेक्षां खोल गेली किंवा उष्णता अधिक झाली, तर जी चरबी चेहऱ्यास भरीवपणा देते तीच वितळते. गेलेली चरबी परत आणणें सोपें नसतें.

सबब पुढील पथ्यें सांभाळावीं. हृदयांत पेसमेकर असलेल्यांनीं, गर्भवती स्त्रियांनीं, त्या जागीं जंतुसंसर्ग असलेल्यांनीं आणि ज्यांची जखम भरतांना गांठाळ व्रण उठतो अशांनीं या वाटेस जाऊं नये. रक्त पातळ करणारीं औषधें चालू असल्यास किंवा शरीरांत धातूची पट्टी असल्यास तें आधींच सांगावें. उपचार त्वचारोगतज्ज्ञाकडेच घ्यावा, केशभूषागृहांत नव्हे. सुया निर्जंतुक व एकदांच वापरण्याच्या आहेत काय, सुई किती खोल जाणार, आमच्या वर्णाच्या किती रुग्णांवर आपण हा उपचार केला, हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. जो वैद्य अशा प्रश्नांनीं रागावतो, त्याचा दवाखाना सोडावा.

शिवाय फळ सावकाश येतें. बहुधा तीन-चार बैठका, प्रत्येकींत महिना-दीड महिन्याचें अंतर, आणि त्यानंतरही तंतु विणले जाण्यास कांहीं महिने. तेव्हां लग्न पंधरा दिवसांवर आलें असतां धांवाधांव करणें हें शुद्ध अविचाराचें लक्षण होय.

शेवटीं वडीलधाऱ्यांस एक विनंति. सज्ञान मुलीस स्वतःच्या समाधानासाठीं हा उपचार हवा असेल, तर तिला हिणवूं नये. योग्य तज्ज्ञ शोधून द्यावा. परंतु पाहुण्यांच्या नापसंतीच्या भयानें तिला सुयांखालीं बसविणें, हें आमच्या मतें अन्यायाचें आहे. चेहरा तिचा, वेदना तिची, आणि धोकाही तिचाच. म्हणून निर्णयही तिचाच असावा.