वाकडा कॉलम आणि पायथॉनवरचा आळ

वर्गातल्या गुणांची यादी छापणारा पहिला प्रोग्रॅम लिहिला की विद्यार्थ्याला हमखास एक सल्ला मिळतो: नावं इंग्रजीत टाक, पायथॉनला मराठी जमत नाही. पुरावाही पडद्यावर असतो. प्रत्येक नावाला दहा जागा राखल्या, तरी ‘कमल’चे गुण एकीकडे आणि ‘क्षितिजा’चे भलतीकडे.

हा आळ खोटा आहे.

डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ पासून प्रत्येक स्ट्रिंग युनिकोडच असते, आणि देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पायथॉन २ मधली साधी स्ट्रिंग बाइट मोजायची. यूटीएफ-८ मध्ये ‘कमल’ची लांबी ९ भरायची. तेव्हाची तक्रार रास्त होती. पण त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली. तरीही मुलांना स्वतःचं नाव स्वतःच्या लिपीत लिहू नका असं शिकवलं जातं, हे चीड आणणारं आहे.

घडतं ते असं. ‘कमल’मध्ये तीन कोड पॉइंट आहेत. ‘क्षितिजा’तही डोळ्यांना तीनच अक्षरं दिसतात, पण साठवलेलं असतं ते क, हलन्त चिन्ह, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज आणि काना. एकूण आठ. ‘लेन’ फंक्शन आठ सांगतं, एफ-स्ट्रिंगही तेच धरून एका नावापुढे सात आणि दुसऱ्यापुढे दोन स्पेस घालते. हिशेब चोख आहे. मात्र हलन्त चिन्ह जोडाक्षरात विरून जातं, आणि काना-वेलांटीला किती जागा द्यायची याबाबत सगळ्या टर्मिनलांचं एकमत नाही. कॉलम वाकतो तो इथे.

‘डब्ल्यूसीविड्थ’ ही लायब्ररी मजकुराची पडद्यावरची रुंदी काढून देते. उरलेल्या स्पेस आपण घालायच्या. तरी टर्मिनल बदललं की ओळ हलू शकते. म्हणून कागदावर द्यायच्या यादीत स्पेसच्या मागे लागूच नये. सीएसव्ही फाइल करावी, स्प्रेडशीटमध्ये उघडावी. तिथे कॉलमला खरी चौकट असते. एक्सेलमध्ये मराठीऐवजी अगम्य चिन्हं दिसली, तर फाइल ‘यूटीएफ-८-सिग’ एन्कोडिंगमध्ये लिहावी.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. २.६७५ चं दोन दशांश स्थळांपर्यंत २.६८ न होता २.६७ होतं, तो बग नाही: ‘राउंड’च्या अधिकृत दस्तऐवजात हेच उदाहरण आहे. बायनरीत ही संख्या नेमकी मावत नाही, किंचित कमी साठते. छापताना दशांश कमी दाखवले म्हणून मूळ संख्या बदलत नाही. टक्के-चिन्हाची जुनी पद्धत २०१६ मध्ये एफ-स्ट्रिंग आल्यावर बंद पडलेली नाही, आजही चालते. आणि एफ-स्ट्रिंगमधला स्वल्पविराम १२,३४५,६७८ असा तीन-तीन अंकांवर तोडतो, यावरून लाख-कोटींची मांडणी होतच नाही असं समजू नये. ‘बेबल’ लायब्ररीला भारतीय लोकेल सांगितलं की १,२३,४५,६७८ मिळतं.